केळीच्या खुंटावर

१९ फेब्रुवारी, सोलापूर

सकाळी शिवजयंतीच्या मिरवणुकीत एका पोरानं दांडपट्टा फिरवत मित्राच्या तळहातावरचं लिंबू अलगद चिरलं. दुपारी माझ्या मित्राच्या मळ्यात त्याची हौसेची नकली व्हायकिंग तलवार केळीच्या खुंटावर चालवली. अर्ध्यात जाऊन रुतली. पात्यावर चिकाचे काळपट डाग.

खरं तर केळीचा खुंट म्हणजे बहुतेक पाणीच. तो कापला म्हणून धार सिद्ध होत नाही. परीक्षा कापडाची! ओली चादर गुंडाळून टांगली की भलीभली पाती दमतात. (सोलापुरात चादरीवर घाव घालायला कोण तयार होणार म्हणा.)

नकलेला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. नवव्या-दहाव्या शतकांतल्या युरोपी तलवारींवर ‘उल्फबेर्ट’ हे नाव जडवलेलं सापडतं, काहींवर अक्षरं चुकलेली. त्या बहुधा नकलाच. मराठ्यांनाही सरळ फिरंगी पात्यांचं भारी वेड, तेव्हा इथल्या कारागिरांनीही युरोपी छाप बेलाशक उठवले.

अस्सल व्हायकिंग तलवार साधारण किलो-सव्वा किलोची. ही टोकाकडे जड, मनगट भरून येतं. धार लावण्याआधी पातं घासून हलकं करायला हवं.