फोर्कच्या पायातले तेल

माउंटन बाइकच्या पुढच्या चिमट्यातले, म्हणजे फोर्कमधले, सस्पेन्शन इतक्या संथपणे बिघडत जाते की चालवणाऱ्याचे हात त्या बिघाडाला सरावतात आणि काही बिनसले आहे ही जाणीवच उरत नाही. चेन सुटली की सायकल थांबते, ब्रेकचे पॅड संपले की करकर ऐकू येते. फोर्क मात्र आतून कोरडा पडला तरी वरखाली होत राहतो, फक्त बारीक खडीवर, झाडांच्या मुळांवर आणि घाटवाटेच्या दगडी पायऱ्यांवर तो पूर्वीसारखा चटकन दबत नाही. अशा वेळी बहुतेक सायकलस्वार पहिल्यांदा फोर्कमधली हवा कमी करतात. त्याने फोर्क मऊ झाल्यासारखा वाटतो खरा, पण पुढचा ब्रेक दाबताच सायकल पुढे झुकते आणि मोठ्या धक्क्याला फोर्क तळापर्यंत आदळतो, कारण दोष घर्षणाचा असताना उपाय स्प्रिंगवर झालेला असतो. फोर्कचे सर्व्हिसिंग घरच्या घरी शिकून घेण्याचे खरे मोल येथे आहे: ते झाल्याशिवाय दाबाच्या आणि वेगाच्या कोणत्याही जुळवाजुळवीवर विश्वास ठेवता येत नाही.

रचना समजली की काम निम्मे सोपे होते. फोर्कच्या वरच्या भागात दोन गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या नळ्या असतात, त्यांना स्टॅन्शियन म्हणतात. त्या खालच्या, बहुधा मॅग्नेशियमच्या ओतीव जोडपायांत, म्हणजे लोअरमध्ये, सरकतात. प्रत्येक पायाच्या आत बुशिंग नावाची दोन कडी बसवलेली असतात आणि स्टॅन्शियन प्रत्यक्षात त्यांच्यावरच घासत चालते. पायाच्या तोंडाशी वायपर सील असते, जे बाहेरची धूळ पुसून बाहेर ठेवते आणि आतले तेल आत राखते. त्याच्या लगेच खाली तेलात भिजवलेली स्पंजची कडी, फोम रिंग, असते, जी नळीला प्रत्येक हालचालीत ओलसर ठेवते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बहुतेक आधुनिक फोर्कमध्ये स्वाराच्या डाव्या हाताच्या पायात हवेची स्प्रिंग आणि उजव्या पायात डॅम्पर असतो; डॅम्पर म्हणजे तेलाला अरुंद छिद्रांतून जायला लावून दबण्याचा आणि उसळण्याचा वेग आवरणारी यंत्रणा. लोअरमधले तेल या डॅम्परमधल्या तेलाहून अगदी वेगळे. ते केवळ वंगणासाठी असते आणि फारच थोडे असते: काही फोर्कमध्ये एका पायात अवघे ५ किंवा १० मिलिलिटर, काहींमध्ये ४० मिलिलिटरपर्यंत.

डोंगरी सायकलींना हे तंत्र मोटरसायकलींकडून आले. पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत रॉकशॉक्स ही कंपनी उभी केली, आणि १९९० मध्ये कोलोराडोतल्या ड्युरँगो येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी डाउनहिल शर्यत याच कंपनीच्या फोर्कवर जिंकली. त्या पहिल्या फोर्कची हालचाल जेमतेम ५० मिलिमीटरची होती. आज १५० मिलिमीटरचा फोर्क कोणाला विशेष वाटत नाही. हालचाल वाढली तशी नळीही जाड होत गेली (रॉकशॉक्सच्या पाइकची ३५ मिलिमीटर, तर फॉक्सच्या ३४ आणि ३६ या फोर्कांची नावेच त्या व्यासावरून पडलेली), परंतु एकात एक सरकणाऱ्या नळ्या आणि त्यांच्यामधला तेलाचा पातळ थर ही मूळ मांडणी तशीच राहिली.

रॉकशॉक्स आपल्या बहुतेक फोर्कसाठी लोअरचे सर्व्हिसिंग ५० तासांच्या वापरानंतर आणि डॅम्परसह संपूर्ण उघडणी २०० तासांनंतर सांगते. हे तास म्हणजे प्रत्यक्ष सायकल चालवण्याचे तास. मात्र सह्याद्रीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो सायकल चालवतो त्याने या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण चिखलाचा लगदा सीलच्या ओठावर वाळतो, पुढच्या फेरीत तोच सँडपेपरचे काम करतो, आणि धुताना जोरदार पाण्याचा फवारा थेट सीलवर मारला तर पाणीही आत जाते. उन्हाळ्यातली जांभ्याची बारीक लाल धूळही निरुपद्रवी नाही. पावसाळा संपल्यावर, तास कितीही भरले असोत, फोर्क एकदा उघडून पाहावा असे अनुभवी हातांचे मत आहे आणि ते योग्यच आहे.

उघडण्याआधी दोन नोंदी कराव्या लागतात: हवेचा दाब किती होता, आणि रिबाउंडचे, म्हणजे उसळीचा वेग ठरवणारे, बटण पूर्ण बंद करण्यासाठी किती टिचक्या फिरवावे लागते. त्यानंतर चाक काढावे, ब्रेकचा कॅलिपर सोडवून पिशवीत गुंडाळावा (तेलाचा एक थेंब पॅडवर पडला तरी ब्रेकची पकड जाते), आणि मग हवा पूर्ण सोडावी. दाब असताना फोर्क उघडणे हा या साऱ्या कामातला एकमेव खरा धोका आहे आणि त्यात घाई अजिबात क्षम्य नाही. पायांच्या तळाशी असलेले दोन बोल्ट तीन-चार फेरे सैल करून त्यांच्या डोक्यावर रबरी हातोड्याने ठोकले, की आतले दांडे लोअरमधून सुटतात. बोल्ट पूर्ण काढून थेट दांड्यावर ठोकू नये, तसे केल्यास दांड्याच्या आतले आटे चेपतात. दांडे सुटले, की बोल्ट काढून लोअर सावकाश खाली ओढावेत आणि त्यांतून निघणारे तेल दोन वेगळ्या भांड्यांत धरावे.

दोन वेगळी भांडी हा शिस्तीचा भाग वाटेल, परंतु या कामातली सर्वांत मोलाची माहिती तिथेच मिळते. तेल नुसते काळपट झाले असेल तर ते नित्याच्या झिजेचे लक्षण आहे. तेल दुधी दिसत असेल तर आत पाणी गेले आहे आणि सील बदलण्याची वेळ आली आहे. तेलात चकाकणारे कण असतील तर धातू धातूवर घासतो आहे असे समजावे, आणि मग स्टॅन्शियनवर बोटाचे नख फिरवून कठीण थर कुठे खरवडला आहे का ते तपासावे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विद्युत्-रासायनिक क्रियेने तयार केलेला तो थर एकदा गेला की घरी परत आणता येत नाही. डॅम्परच्या पायातून भरलेल्यापेक्षा बरेच अधिक तेल निघाले तर डॅम्परचे सील गळते आहे, आणि डाव्या पायाचा बोल्ट काढताना हवा फुसकन बाहेर आली तर हवेच्या स्प्रिंगचे सील गळते आहे. एका पायात तेल जवळजवळ नसलेच, तर तळाचे वॉशर किंवा वरचे सील यांपैकी एकाने ते बाहेर सोडलेले असते. फोर्क कारखान्यात पाठवून परत आणणाऱ्याला या खुणा कधीच दिसत नाहीत; त्याच्या हाती बिल येते, पण आपण सायकल कशी धुतो आणि कुठे चालवतो याचा फोर्कवर काय परिणाम झाला हे कळत नाही.

सफाईत चातुर्य नाही, चिकाटी आहे. लाकडी दांड्याला धागे न सुटणारे कापड गुंडाळून, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून, दोन्ही बुशिंगांपलीकडे तळापर्यंत पुसत राहावे, आणि कापड स्वच्छ बाहेर येईपर्यंत थांबू नये. फोम रिंग बोथट हुकाने बाहेर काढून धुवावी, पिळावी, आणि नव्या तेलात बुडवून परत बसवावी. सील बदलायचे असल्यास ते सरळ रेषेत दाबले जाईल अशा अवजारानेच बसवावे, कारण तिरके बसलेले सील एका बाजूने गळत राहते. सीलच्या आतल्या ओठाला सस्पेन्शनसाठीचे ग्रीस हलक्या हाताने लावावे. साधे लिथियम ग्रीस दाट पडते आणि जे घर्षण घालवायचे तेच परत आणते.

जोडणीत सर्वाधिक नाजूक क्षण येतो तो स्टॅन्शियन सीलमधून आत शिरताना: दोन्ही बाजूंचे ओठ दुमडलेले नाहीत हे डोळ्यांनी पाहूनच लोअर वर सरकवावेत, पण पूर्ण नव्हे. मग फोर्क तिरपा धरून, तळाच्या छिद्रातून, दांड्याच्या आत न जाता पायाच्या भिंतीवर ओघळेल अशा बेताने, मोजून तेल सोडावे. प्रमाण आणि तेलाचा प्रकार त्या त्या मॉडेलच्या तक्त्यातूनच घ्यावा. अधिक तेल घातल्याने वंगण वाढत नाही, उलट आतल्या हवेची जागा कमी होऊन फोर्क शेवटच्या टप्प्यात कडक होतो. तळाचे मऊ धातूचे वॉशर घट्ट केल्यावर चेपून जागा बंद करतात, म्हणून दर वेळी नवे घालावेत, आणि बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापापर्यंतच, रॉकशॉक्सच्या बऱ्याच फोर्कसाठी सुमारे ७ न्यूटन-मीटर, आवळावेत.

लोअरमध्ये अडकणारी हवा हाही दुर्लक्षित विषय आहे. मुंबईत समुद्रसपाटीला जोडलेला फोर्क सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या लेहला नेला, तर बाहेरचा वातावरणीय दाब जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो आणि आत कोंडलेली हवा सीलवर बाहेरच्या दिशेने रेटा देऊ लागते. काही महागड्या फोर्कना ती सोडण्यासाठी लहान बटणे असतात. बाकींच्या बाबतीत, फोर्क पूर्ण ताणलेल्या अवस्थेत सीलच्या आणि नळीच्या मध्ये प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून ती सोडणारे लोक आहेत, पण एका चुकीच्या हालचालीने सील आणि नळी दोन्ही खराब होऊ शकतात, त्यामुळे ही युक्ती न वापरलेलीच बरी.

डॅम्पर उघडणे मात्र घरच्या कक्षेत सहसा येत नाही. त्यातली हवा पूर्ण काढून तेल भरण्यासाठी खास अवजारे लागतात, आणि राहिलेला बुडबुडा छिद्रांतून जाताना डॅम्परचा सारा हिशेब बिघडवतो. दोन भांड्यांतल्या तेलाने डॅम्परकडे बोट दाखवले, तर तेवढा भाग जाणकार कार्यशाळेकडे सोपवावा.

शेवटी शॉक पंपाने हवा भरताना दर ५० पीएसआयला थांबून फोर्क काही वेळा दाबावा लागतो, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांतला दाब जुळतो. नोंदवलेला जुना आकडा येथे फक्त सुरुवातीपुरता घ्यावा. घर्षण गेल्यामुळे त्याच दाबावर सॅग, म्हणजे स्वार नुसता बसल्यावर फोर्क किती दबतो ते माप, पूर्वीपेक्षा अधिक येऊ शकते. स्टॅन्शियनवरची रबरी रिंग खाली सरकवून ते पुन्हा मोजावे, एकूण हालचालीच्या १५ ते २५ टक्क्यांत बसेपर्यंत दाब थोडा थोडा बदलावा, आणि रिबाउंडचे बटणही त्या नव्या दाबाला अनुसरून नव्याने लावावे.