वजन कुठे बसतं?

मागच्या शनिवारी लॅपटॉप पुण्यातच ठेवून मामांकडे गावी गेलो होतो. मामांनी छोटा एक्स्कॅव्हेटर घेतलाय, ३ टनांचा. गावात सगळे त्याला 'छोटा पोकलेन' म्हणतात. विहिरीपासून २०० मीटर पाइपलाइनचा चर काढायचा होता.

लांब न्यायचं तर हे मशीन ट्रॅक्टरच्या दोनचाकी ट्रॉलीवर चढवतात. मामा डिझेल आणायला गेले आणि मी शहाणपणा केला. ऑपरेटरला म्हटलं, "मागेच ठेव की, उतरवायला सोपं." तो काही बोलला नाही. इंजिनीअर भाच्याला कोण सांगणार!

मामा घाईत आले आणि निघालो. ओढ्याच्या उतारावर ट्रॉली डावी-उजवीकडे झुलायला लागली, ट्रॅक्टरची मागची चाकं घसरली. सकाळची शाळा सुटलेली, दोन पोरं सायकलवर समोरून येत होती... मामांनी कसाबसा वेग कमी करत ट्रॅक्टर थांबवला. पोरं हसत निघून गेली. माझे मात्र हातपाय गार पडले होते.

"मागं ठिवायला कुणी सांगितलं?" मामांनी विचारलं. ऑपरेटर खाली बघत उभा.

"मी," म्हटलं.

मामा ओरडले नाहीत. सपाटीवर नेऊन मशीन ट्रॉलीच्या चाकांच्या किंचित पुढे घेतलं, साखळ्यांनी आवळलं. वजन चाकांच्या मागे गेलं की ट्रॉलीचा दांडा वर उचलतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. तरफेचा साधा नियम! परीक्षेत यावर पैकीच्या पैकी मार्क होते हो मला.

शेतावर बकेट निवडायची वेळ आली. २ फुटी लावली तर काम लवकर होईल, असं मला वाटत होतं. या वेळी आधी विचारलं. मामांनी १ फुटी लावायला सांगितली. ३ इंची पाइपला रुंद चर कशाला? ३ फूट खोलीला रुंद बकेटने साधारण १०८ घनमीटर माती निघेल, अरुंदने ५४. आणि निघालेली सगळी परत बुजवायची! शिवाय खाली मुरूम. मशीनचा जोर तेवढाच, पण अरुंद बकेटला दात कमी, त्यामुळे एकेका दातावर तो जास्त पडतो.

संध्याकाळी ऑपरेटरला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "दादा, मीच बोलाय पायजे होतं."

तेव्हापासून ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कुणी गप्प बसलं, की मी थांबून विचारतो.