परीक्षा भूमिकेची असते

गेल्या वर्षी दिवाळीला माझी धाकटी लेक पुण्याहून भोकरला आली. नांदेडपर्यंत रेल्वेने आणि पुढे एस.टी.ने, असा रात्रभराचा प्रवास करून ती आलेली. दमली असेल, असे समजून मी काही बोलले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तिने फराळाचे ताट जसेच्या तसे परत केले. तिसऱ्या रात्रीही तिच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत जळत राहिला. चौथ्या दिवशी मी भाकरी थापत असताना ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझं नाक खरंच एवढं बसकं आहे का?"

बावीस वर्षांत तिने असा प्रश्न कधी विचारला नव्हता. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकांकिका गाजवणारी ही मुलगी. पदवीनंतरच्या दीड वर्षात तिने अकरा ऑडिशन दिल्या होत्या. नऊ ठिकाणांहून उत्तरच आले नाही. एका ठिकाणी 'कळवतो' असे सांगण्यात आले. अकराव्या ठिकाणी तिच्या देखतच कोणीतरी शेजारच्या माणसाला म्हणाले, 'चेहरा चालणार नाही.' ते वाक्य ती सोबत घेऊन आली होती. आरशाकडे पाठ करून ती वेणी घालू लागली होती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज असा एखादा मुलगा वा मुलगी असेल. भ्रमणध्वनीवर स्वतःचे चित्रीकरण करून पाठवणारी आणि मग दिवसभर उत्तराची वाट पाहणारी. म्हणूनच हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते आहे : भूमिका मिळण्यात ऑडिशनचा वाटा खरोखर किती? आणि तिला आपण घरात किती मोठे होऊ द्यावे?

ओळखीची वाट आणि अनोळखी दार

'ऑडिशन' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'ऐकणे' या क्रियापदात आहे. निवाडा हा अर्थ त्यात नाही. आपल्या जुन्या रंगभूमीवर हे ऐकणे वर्षानुवर्षे चाले. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. पण त्याआधी वैद्यकीय महाविद्यालयापासून पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनपर्यंत त्यांच्या अनेक वर्षांच्या तालमी झाल्या होत्या. त्याच संस्थेच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये १९७२ साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे नाना फडणवीस म्हणून उभे राहिले. अशा संस्थांत माणसाचा आवाज, शिस्त, पाठांतर, सहकाऱ्यांशी वागणे हे सारे दिग्दर्शकाला आधीच ठाऊक असे. तीन मिनिटांत काही सिद्ध करण्याची वेळ नटावर क्वचितच येत असेल.

परंतु ही वाट त्या शहरांत राहणाऱ्यांसाठी होती. भोकरच्या मुलीला पुण्यामुंबईतल्या कोणत्या दिग्दर्शकाने वर्षानुवर्षे पाहिलेले असणार? तिच्यासाठी राज्य नाट्य स्पर्धेचे नांदेड केंद्र हेच दूरचे. ज्याची कोणाशी ओळख नाही, त्याच्यासाठी ऑडिशन हे बहुधा एकमेव उघडे दार असते. हे दार हवेच. अकलूजसारख्या गावातील शाळकरी रिंकू राजगुरू नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची नायिका झाली, २०१६ साली तो चित्रपट घरोघर पोहोचला आणि तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. चाचणीने अनोळखी मुलीला संधी मिळते, याचे हे ठळक उदाहरण.

मात्र त्याच दिग्दर्शकाच्या 'फँड्री'तला जब्या आठवा. सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा मुलगा. तो कोणत्याही रांगेत उभा नव्हता. तो हलगी वाजवत असताना दिग्दर्शकाच्या नजरेत भरला. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. आयुष्यभर चळवळीत काढलेली वर्षेच जणू त्यांची चाचणी ठरली. म्हणजे भूमिका कधी चाचणीतून मिळते, कधी सहवासातून, तर कधी आपण जे जगत आलो त्यातून. ऑडिशन महत्त्वाची आहे. पण ती अनेक दारांपैकी एक आहे.

टेबलाच्या पलीकडून

हे सारे मी लेकीला सांगितले. तिने ऐकून घेतले, पण तिच्या चेहऱ्यावर फरक पडला नाही. मग मी तिला एक गोष्ट सांगितली. ती आजवर मी कोणालाच सांगितली नव्हती, कारण त्यात चूक माझी होती.

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. दरवर्षी स्नेहसंमेलनाचे नाटक माझ्याकडे असे. एका वर्षी आम्ही सावित्रीबाईंच्या जीवनावर नाटक बसवले. सावित्रीच्या भूमिकेसाठी मी आठ मुलींकडून एकच उतारा वाचून घेतला. त्यांत एका मुलीचा आवाज असा होता की वर्गाबाहेरून जाणारा शिपाईही थबकला. तरीही मी दुसरीला निवडले. कारण एवढेच, की ज्योतिबांची भूमिका करणारा मुलगा आधी ठरला होता आणि तो बुटका होता. ही मुलगी त्याच्या डोक्याइतकी उंच होऊन वर दिसली असती. मी वहीत नावावर खूण केली आणि म्हणाले, "तू नाही, ती." कारण सांगण्याची गरज मला वाटली नाही.

बारा वर्षांनी ती मुलगी मला भोकरच्या बसस्थानकावर भेटली. कडेवर मूल होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती हसत म्हणाली, "बाई, माझा आवाज घोगरा होता म्हणून तुम्ही मला काढलं होतं ना? मग मी वर्गात पुन्हा कधी उभं राहून वाचलंच नाही."

तिचा आवाज! जो मला त्या आठ जणींत सर्वांत आवडला होता. मी तिला तिथेच खरे कारण सांगितले. ती काही क्षण माझ्याकडे पाहत राहिली. एवढ्यात तिची गाडी लागली आणि ती गेली.

वाचकहो, टेबलाच्या पलीकडे बसणारी माणसे अशीच ठरवतात. समोरच्या नटाशी उंची जुळते का, आई म्हणून ठरलेल्या अभिनेत्रीशी चेहरा मिळतो का, बोलीचा लहेजा त्या गावाचा वाटतो का, तारखा जमतात का. यांतले बहुतेक काही उमेदवाराच्या हातात नसते आणि त्यातले काहीही त्याला सांगितले जात नाही. मौन मात्र त्याच्या पदरी पडते आणि त्या मौनात तो स्वतःचे सर्वांत दुखरे कारण भरतो. माझ्या विद्यार्थिनीने आवाज भरला, माझ्या लेकीने नाक.

वाद्यवृंदांच्या जगात यावर एक उपाय निघाला. अमेरिकेतील अनेक वाद्यवृंदांनी १९७० नंतरच्या काळात वादकांना पडद्याआड बसवून ऐकण्यास सुरुवात केली, म्हणजे चेहरा न पाहता केवळ वादन ऐकले जावे. अभिनयात हा पडदा लावता येत नाही. तेथे शरीर हेच वाद्य असते. म्हणून तेथील नकार थेट शरीराला लागतो आणि म्हणूनच हा विषय आरोग्याचा आहे.

घरच्यांनी काय करावे

चाचणीच्या वेळी छाती धडधडणे, तोंड कोरडे पडणे, तळहातांना घाम येणे हे ॲड्रिनॅलिनचे काम. थोडा ताण आवाजाला धार देतो, अति ताण पाठ केलेले विसरायला लावतो. आदल्या रात्रीची पुरेशी झोप, सकाळचे हलके जेवण, पाण्याची बाटली आणि आत जाण्यापूर्वी सावकाश, लांब सोडलेले पाच-सहा उच्छ्वास एवढ्याने बराच फरक पडतो. गोरेपणाच्या मलमांनी आणि उपाशी राहण्याने भूमिका मिळत नाही. त्वचा आणि पचन तेवढे बिघडते.

निवडीसाठी, नोंदणीसाठी किंवा छायाचित्रांसाठी कोणी आगाऊ पैसे मागितले, तर तेथून परत फिरावे. अल्पवयीन मुलासोबत पालकाने राहावेच. बालकलाकाराला दिवसातून पाच तासांहून अधिक काळ आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काळ काम देता येत नाही. त्याच्या मिळकतीचा किमान वीस टक्के भाग त्याच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. २०१७ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिले आहे. ते निःसंकोच दाखवावे.

आणि आता माझी दुसरी चूक. लेक पुण्याला असताना मी रोज रात्री फोन करीत असे आणि माझे पहिले वाक्य ठरलेले असे, "कळवलं का गं त्यांनी?" मला ती काळजी वाटे. तिला तो रोजचा निकाल वाटत होता, हे तिने त्या दिवाळीत रडत रडत सांगितले. अकरा परक्या माणसांनी तिला एकेकदा नाकारले होते. मी तो नकार रोज रात्री तिच्याकडून वदवून घेत होते.

आम्ही तिला नांदेडला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवली, माणूस घराबाहेर पडेनासा झाला किंवा जगण्याला कंटाळल्याची भाषा करू लागला, तर हे 'नाटक्यांचे नखरे' समजू नका. बोला आणि डॉक्टरांकडे न्या. केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. जगण्याला कंटाळल्याची भाषा कानी आली, तर मात्र दोन आठवड्यांची वाट पाहू नका. त्याच दिवशी मदत घ्या.

औषधे काही महिने चालली. सकाळचे फिरणे, वेळेवरचे जेवण आणि वाचन यांची घडी हळूहळू बसली. उन्हाळ्यात तिने गल्लीतल्या मुलांचे एक छोटे नाटक बसवले. प्रत्येक मुलाला ती निवडीचे किंवा न निवडण्याचे कारण सांगत होती. मी ओसरीवर बसून ते ऐकत होते.

तिला अजून मोठी भूमिका मिळालेली नाही. मिळेलच, असे मी आपल्याला सांगू शकत नाही. पण गेल्या महिन्यात तिने बारावी ऑडिशन देण्याचे ठरवले आणि मी तिला नंदिग्राम एक्सप्रेसने जाण्यासाठी भोकरच्या स्थानकावर सोडायला गेले. तिच्या पिशवीत दशम्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती आणि पाठ केलेल्या उताऱ्याचा कागद होता.

दुसऱ्या दिवशी रात्री नेहमीच्या वेळी मी फोन केला. पहिले वाक्य ओठांवर आले होते. ते गिळून मी विचारले, "जेवलीस का?"

"हो आई," ती म्हणाली, "पोटभर."