माळावरचा शुश्रूषक आणि त्याची झोप

सागरी जीवसंवर्धनाविषयीच्या लेखनात बेटावर राहणारा अभ्यासक वारंवार भेटतो. त्याची कामाची जागा आणि घर एकच असते, बोट आल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नाही, आणि जे डोळ्यांसमोर नष्ट होत आहे त्याकडे पाठ फिरवण्याचीही त्याला सोय नसते. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 या वर्षी समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले, म्हणजे प्रवाळाला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले त्याला सोडून गेली, तेव्हा तिथल्या अभ्यासकांसमोर नोंदी ठेवत राहण्याशिवाय फारसे काही उरले नव्हते. बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटच्या डोंगररांगा, उघडे माळ आणि उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नद्या ही त्याची ओळख आहे. तरीही वन्यजीवांची शुश्रूषा करणाऱ्याची कोंडी तिथेही त्याच जातीची असते, आणि तिचा विचार बेटापेक्षा माळावर कमी झाला आहे.

शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याने उभे केलेले सर्पराज्ञी हे केंद्र या कामाचे जिल्ह्यातील परिचित उदाहरण होय. अशा केंद्रातील कामाला पुनर्वसन म्हणतात. जखमी किंवा पोरक्या वन्य प्राण्यावर उपचार करणे, माणसाची सवय लागू न देता त्याला वाढवणे आणि स्वतःचे अन्न स्वतः मिळवण्याइतका तो सक्षम झाला की वनविभागाच्या संमतीने त्याला निसर्गात सोडणे, असा त्याचा क्रम असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार परवानगीशिवाय वन्य प्राणी जवळ ठेवता येत नाही. पण कायद्यापेक्षा अवघड अट मनाची आहे. बाटलीने दूध पाजलेल्या पाडसाशी बोलायचे नाही, त्याला नाव द्यायचे नाही, आणि ते जवळ आले तर हात मागे घ्यायचा, कारण माणसाला न बुजणारे हरीण मोकळे सुटले तर पहिल्याच कुत्र्याच्या तोंडी सापडते. माया करूनही ती दाखवायची नाही, हे या विद्येतील सर्वांत थकवणारे काम आहे.

या थकव्याला मानसशास्त्रात करुणेचा थकवा असे म्हटले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांनी 1995 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथामुळे ही संज्ञा रूढ झाली, आणि दुसऱ्याच्या यातना सतत पाहणाऱ्याची सहवेदना हळूहळू आटत जाणे असा तिचा ढोबळ अर्थ आहे. तथापि माळावर हा थकवा मनाच्या आधी हातांत उतरतो. साप पकडण्याची सुरक्षित रीत अशी की, प्लास्टिकच्या नळीच्या एका तोंडाला कापडी पिशवी घट्ट बांधावी, दुसरे तोंड सापासमोर जमिनीलगत धरावे आणि आकडीने त्याला हळूच तिकडे वळवावे. अंधारी जागा शोधणारा साप आपण होऊन आत शिरतो आणि त्याला स्पर्श करावा लागत नाही. यात कौशल्यापेक्षा धीर लागतो. सलग तीन रात्री जागलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो. तो नळी गाडीत ठेवून शेपटीला हात घालतो, आणि समोर घोणस असेल तर ती अंगाचा पिळा सोडून अर्ध्या क्षणात उलटते. म्हणून झोप ही आकडी आणि नळीइतकीच साधनांच्या यादीत धरावी लागते. जागरणे मिरवणाऱ्या सर्पमित्राचे कौतुक करण्याची समाजाची सवय घातक आहे, असे स्पष्टच म्हटले पाहिजे.

कोकणातील कासवसंवर्धन याबाबतीत सुदैवी ठरते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून ग्रामस्थांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्यास सुरुवात केली. तिथे अंडी घालण्याचा हंगाम हिवाळ्याबरोबर सुरू होतो, साधारण 45 ते 55 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि पावसाळ्यापूर्वी काम आवरते, त्यामुळे विश्रांतीचे महिने निसर्गानेच आखून दिलेले असतात. बीडमध्ये असा विराम नाही. पावसाळ्यात साप घरांत शिरतात, संक्रांतीच्या सुमारास मांज्याने पक्षी कापले जातात, उन्हाळ्यात पाणवठे आटले की कोल्हे, काळवीट, मोर पाण्याच्या शोधात विहिरीत पडतात. त्यातच दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघून जातात आणि गावोगावचे धडधाकट हात पाच-सहा महिने दूर असतात; विहिरीत बाज सोडून प्राणी वर घ्यायचा तर दोर धरायला चारजण मिळवणे हेच एक काम होऊन बसते. संवर्धकाचे एकाकीपण स्वभावातून येते असे मानले जाते. इथे ते रोजगाराच्या नकाशातून आलेले दिसते.

लोकांचा रोषही याच माणसाच्या वाट्याला येतो. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, तेव्हा प्राण्यांची बाजू घेणाऱ्या कोणालाही गावात तोंड दाखवणे कठीण होते, आणि त्या भयाला वावगे म्हणता येणार नाही. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातील लऊळ येथे वानरे कुत्र्याची पिल्ले उचलून उंचावर नेत असल्याची बातमी टोळीयुद्धाच्या थाटात जगभर फिरली. वनविभागाने दोन वानरे पकडली, समाजमाध्यमांवर विनोद रंगले, पण वानरांच्या वर्तनाविषयी शांतपणे काही समजावून सांगणे मात्र अवघड झाले.

यावर उपाय आहेत, पण ते ध्यानधारणेसारख्या खासगी क्षेत्रातले कमी आणि व्यवस्थेतले अधिक आहेत. रात्रीचा फोन आळीपाळीने घेणारी किमान दोन माणसे हवीत. वेदना संपवण्यासाठी मृत्यू द्यायचा की नाही हा निर्णय एकट्या शुश्रूषकावर न सोपवता पशुवैद्यकाने घ्यायला हवा. नोंदवहीत मेलेल्या प्राण्यांइतक्याच काळजीने सोडलेल्या प्राण्यांची नोंद व्हायला हवी, कारण दमलेल्या माणसाला फक्त मेलेलेच आठवतात. या बाबींना पैसा लागतो, आणि देणगीदार पिंजऱ्यासाठी जितक्या उत्साहाने देतात तितक्या उत्साहाने पगारी सुटीसाठी देत नाहीत. शेतकऱ्याच्या हातीही थोडे आहे. उघड्या विहिरीला कठडा बांधला, निदान काटेरी कुंपण आणि आत एक तिरपी फळी ठेवली, तरी उन्हाळ्यातील कितीतरी हाका उठणारच नाहीत. आणि प्राणी अडचणीत दिसलाच, तर ओळखीच्या एकाच सर्पमित्राला अपरात्री उठवण्याआधी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. तो क्रमांक त्याचसाठी आहे.