तीन दिवसांचा नियम



४० वर्षं ह्यांच्या सिगारेटचा हिशेब मी मनातच ठेवला, बी.कॉम. झालेली ना! परवा इथे अकोल्यात ह्यांची दाढ काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, "खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. झुरका ओढला की ती निघू शकते. मग हाड उघडं पडतं, कळ थेट कानापर्यंत जाते. किमान तीन दिवस सिगारेट नको, खर्राही नको."

कायमचा त्याग म्हटलं की हे उठूनच जातात. म्हणून मी तीनच दिवसांचा नियम मागितला. ह्यांनी मुकाट्यानं हात जोडले.

चौथ्या दिवशी सकाळी सिगारेटचं पाकीट माझ्या हातात देत म्हणाले, "आणखी तीन दिवस ठेव."

तांदळाच्या डब्यामागे ठेवलंय.