समांतर रेषा आणि आमची गाडी

भूमितीच्या पुस्तकात समांतर रेषा व छेदिका हे प्रकरण असते. ‘व्युत्क्रम कोन समान असतात’ हे वाक्य आम्ही दोघा भावांनी शाळेत पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरून गेलो. ते पुन्हा आठवण्यासाठी काकतीतल्या घरामागच्या शेडमध्ये आम्हाला एक गाडी बांधावी लागली!

आमच्या आप्पांनी उद्यमबागेत तीस वर्षे लेथ चालवली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 साली ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना बनवला, ही गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकत आम्ही मोठे झालो. ‘मीरा’ बाजारात आली नाही, पण आप्पांच्या मनातून गेली नाही. पुढे 2021 मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवल्याची बातमी आली आणि आप्पा म्हणाले, “आता आपणही करूया.” निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी जुन्या ओम्नीचे 796 सीसीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल आणला. आईने त्या दिवसापासून शेडकडे पाहणे सोडले.

सांगाडा वेल्ड झाला. इंजिन पुढे बसवायचे ठरले, पण स्टिअरिंगचा रॉड आडवा येऊ लागला. आम्ही सोपा मार्ग काढला. इंजिनाचे तोंड वर उचलले आणि फाउंडेशनचे बोल्ट आवळून मोकळे झालो. “कोन मोजलात का?” असे आप्पांनी विचारले. आम्ही हसून “बसलंय की व्यवस्थित!” म्हणालो.

अशी गाडी परवानगीशिवाय रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून शेतातल्या वाटेवर चाचणी घेतली. आप्पा मागे बसले. हळू होती तोवर गाडी ठीक चालली. वेग वाढताच ती थरथरू लागली. आम्ही वेग आणखी वाढवला. तेवढ्यात मागचा क्रॉस तुटला आणि फिरता प्रोपेलर शाफ्ट सुटून तळाच्या पत्र्यावर आदळला. पत्रा फाटला तो आप्पांच्या पायापासून वीतभर अंतरावर. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री आम्ही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी धाकट्याच्या कंपासपेटीतला कोनमापक मागितला. त्याला दोरा व नट बांधून ओळंबा केला. गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे 7 अंश उतरता, प्रोपेलर शाफ्ट 5 अंश उतरता आणि अॅक्सलचा पिनियन अगदी सपाट भरला. म्हणजे पुढच्या क्रॉसवर 2 अंशांचा कोन आणि मागच्यावर 5 अंशांचा.

क्रॉस कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा भरभर आणि दोनदा सावकाश फिरतो. दुसऱ्या क्रॉसचा कोन तेवढाच असेल आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत असतील, तर हा फरक तिथे भरून निघतो. नाहीतर हादरे बसतात. गिअरबॉक्स आणि पिनियन या समांतर रेषा, प्रोपेलर शाफ्ट ही छेदिका. तेच पाठ केलेले प्रमेय! मग कोन शून्यच का ठेवू नये? कारण क्रॉसमधल्या सुईसारख्या बेअरिंगना थोडी हालचाल लागते; एकाच जागी दाब पडत राहिला तर तिथे खड्डे पडतात.

आम्ही स्टिअरिंगचा रॉड पुढे सरकवला, इंजिनाचे तोंड खाली घेऊन 3 अंशांवर आणले आणि पाट्यांवर लोखंडी पाचरी ठोकून पिनियनचे नाक 3 अंश वर केले. दोन्हीकडे 2-2 अंश झाले. शाफ्ट तुटला तरी वर उसळू नये म्हणून त्याभोवती जाड पट्टीचे कडेही बसवले. खरे तर ते आधीच बसवायला हवे होते.

आता गाडी त्याच वाटेवर न थरथरता धावते. गेल्या दिवाळीत आई स्वतःहून येऊन आप्पांशेजारी बसली.

मुलांनो, कंपासपेटी जपून ठेवा. आणि घरातले वडीलधारे “मोजलंत का?” असे विचारतील, तेव्हा हसू नका.