व्ह्यूज लाखाचे, खुर्ची मात्र रिकामी

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. कॅम्पातल्या सलूनवाल्यांबद्दल आहे, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर केस आहेत त्या सगळ्यांबद्दल आहे. (ज्यांच्या नाहीत त्यांनीही वाचा, दाढी तर असतेच.)

२०२० चा जून आठवून बघा. मार्चपासून सलूनची शटर खाली होती. २८ जूनला महाराष्ट्रात दुकानं उघडायला परवानगी मिळाली, तीही फक्त कटिंगला, दाढीला नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, २९ जूनला, केंद्र सरकारने टिकटॉकसकट ५९ ॲप्सवर बंदी घातली. जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स आणले. एप्रिल २०२१ मध्ये सलूनची शटर पुन्हा खाली आली. म्हणजे ज्या काळात आपल्या कारागिरांचे हात बांधलेले होते, नेमक्या त्याच काळात सगळा बाजार मोबाईलच्या उभ्या चौकटीत जाऊन बसला. दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाईक आरशात कमी आणि मोबाईलमध्ये जास्त बघत होतं. "असा कट मार," म्हणून समोर स्क्रीन धरत होतं.

माझं काम फोटोग्राफीचं. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. सोमवारी सलूनला सुट्टी असते आणि लग्नसराई नसेल तर मलाही काम कमी असतं. त्यामुळे गेली दोनेक वर्षं सोमवारी ओळखीच्या दोन-चार सलूनवाल्यांना व्हिडिओ काढायला मदत करतो. पैसे घेत नाही, कटिंग फुकट होते. त्यातून जे दिसलं ते लिहितोय.

एक अण्णा आहेत. दोन खुर्च्यांचं दुकान, वडिलांपासूनचं. मुलगा हौशी. त्याने एका एजन्सीला पैसे मोजून 'पेज वाढवून' घेतलं. एका रीलला लाखाच्या वर व्ह्यूज आले. पेढे वाटायचे बाकी होते. महिनाभराने अण्णा मला म्हणाले, "भाऊ, हे लाख लोक राहतात तरी कुठं? रविवारी तर माझ्याकडं नेहमीचीच माणसं येतात." आम्ही बसून बघितलं. व्ह्यूज देशभरातले होते, नाशिकचे चिमूटभर. परराज्यातला एखादा पोरगा अण्णांचा फेड बघून लाईक देईल, पण दाढी करायला लाम रोडला येणार नाही.

मग आम्ही वहीवर साधा हिशोब मांडला. दोन खुर्च्या. दिवसाचे दहा तास. कटिंग-दाढीला चाळीस मिनिटं. एका खुर्चीवर पंधरा माणसं, दोन्हीवर तीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ७८०. म्हणजे महिन्यातून एकदा येणारी आठशे डोकी मिळाली तर अण्णांचं दुकान ओसंडून वाहील. लाख नकोत. आठशे पाहिजेत, आणि ती कॅम्प, भगूर, वडनेर, नाशिकरोड एवढ्या टापूतली पाहिजेत. हा आकडा कळला तेव्हा अण्णांच्या तोंडावरचा ताण उतरलेला मी बघितला. त्यानंतर आम्ही व्हिडिओ काढायची पद्धतच बदलली.

काय केलं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

पहिलं म्हणजे पहिल्या तीन सेकंदांत गाव. गाणं नाही, स्लो मोशन नाही. "देवळाली कॅम्प, लाम रोड" एवढं तोंडाने बोलायचं, स्क्रीनवर मराठीत लिहायचं आणि लोकेशन टाकायचं. बाहेरचे लोक पुढे सरकतील, सरकू दे.

दुसरं, गाण्याची भानगड. बिझनेस खातं असेल तर सिनेमाची बरीचशी गाणी वापरता येत नाहीत, हक्कांचा प्रश्न येतो. पण कात्रीचा आवाज, पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज, तुरटी फिरवताना गिऱ्हाईकाने काढलेला "स्स्स" हे सगळं आपलंच आहे. पुष्करचे बाबा सेन यांचे डोकं चोळायचे व्हिडिओ जगभर बघितले गेले ते हातांमुळे आणि आवाजामुळे. महागडी लाईट त्यात कुठे होती?

तिसरं, शिकवा. मशीनचा 'एक नंबर' म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, चार म्हणजे १३. निम्म्या लोकांना हे माहीत नसतं आणि "बारीक करा" म्हणून मोकळे होतात, मग घरी जाऊन तोंड पाडतात. तीस सेकंदांत हे समजावलेला व्हिडिओ अण्णांच्या सगळ्यात जास्त कामी आला. व्ह्यूज थोडे, पण लोक दुकानात येऊन "तो तीन नंबरवाला" म्हणायला लागले.

चौथं, नवं ब्लेड. कॅमेऱ्यासमोर पाकीट फोडायचं, ब्लेड वस्तऱ्यात घालायचं, काम झालं की मोडून डब्यात टाकायचं. पाच सेकंदांचं काम. एकाचं ब्लेड दुसऱ्याला लावलं तर हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही यांचा धोका असतो. ही गोष्ट आरोग्य खातं वर्षानुवर्षं भिंतींवर लिहीत आलंय. कारागिराने स्वतःच्या हाताने दाखवली की विश्वास बसतो.

पाचवं, चाई. डोक्यावर रुपयाएवढा गोल टक्कल पडलेला पोरगा आला की त्याला लसूण चोळ, कांदा चोळ असं सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. अण्णांनी उलटं सांगितलं, "हे माझं काम नाही, कातडीच्या डॉक्टरला दाखव." या एका वाक्यावर कॉलनीतल्या बायका खूश झाल्या, पोरांना तिथेच पाठवायला लागल्या.

सहावं आणि सगळ्यात स्वस्त, व्हॉट्सॲप स्टेटस. "आत्ता खुर्ची मोकळी आहे, अर्धा तास." बस. ज्यांच्याकडे तुमचा नंबर आहे ती माणसं जवळच राहतात. रीलपेक्षा हे जास्त चालतं, स्वतः बघितलंय. आणि गुगल मॅपवर दुकानाची जागा, वेळ, फोन नीट भरा. 'सोमवार बंद' लिहायला विसरू नका.

आता काय करू नये ते. हे जास्त महत्त्वाचं आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये वापीला, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही, सलूनमध्ये 'फायर कट' करताना एक तरुण भाजला. केसांना आग लावायची, व्हिडिओ काढायचा, लोकांनी थक्क व्हायचं. त्या आगीने केस चांगले कापले जातात असं कुठलाच जुना कारागीर म्हणणार नाही. आग कॅमेऱ्यासाठी लावतात. तसंच मान कडकन मोडण्याचं. २०१७ मध्ये दिल्लीत एका माणसाने सलूनमध्ये मान मोडून घेतली, मज्जातंतूला इजा झाली आणि श्वास घेणंही मुश्कील झालं. तो 'कडक' आवाज रीलमध्ये झकास वाटतो, म्हणून पोरं आता मुद्दाम मोठ्याने मोडतात. कृपा करून थांबा. गिऱ्हाईकांनीही "नको" म्हणायला शिका.

दुसरी गोष्ट आपल्या कॅम्पापुरती. ही छावणी आहे. तोफखान्याचं स्कूल ऑफ आर्टिलरी इथे आहे, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे, आपल्या सलूनच्या खुर्चीत रोज जवान बसतात. 'फौजी कट' हा बघणाऱ्यांना आवडणारा विषय, म्हणून मोह होतो. पण जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप्स काढून टाकायला सांगितली होती, ती काय उगाच? तुमच्या वीस सेकंदांच्या रीलमध्ये कुणाचा चेहरा, कुणाची वर्दी, मागे कुठलं गेट आलं तर त्रास त्या पोराला होतो. त्याने संकोचाने नाही म्हटलं नाही, याचा अर्थ हो म्हटलं असा होत नाही. अण्णांच्या दुकानात आता नियम आहे. कॅमेरा दाराकडे वळवायचा नाही, आणि विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा घ्यायचा नाही. जावळ काढायला बाळ आलं तर आई-बापांना विचारायचं, आणि शक्यतो पाठमोरंच घ्यायचं.

टकलावर विनोद, सावळ्या रंगावर 'बिफोर-आफ्टर', म्हाताऱ्या माणसाची गंमत, हेही बंद. माणूस तुमच्यासमोर मान खाली घालून, गळ्याला वस्तरा लावून घेऊन बसलेला असतो. एवढा भरवसा तर सख्ख्या भावावरही कुणी ठेवत नाही. तो व्ह्यूजसाठी विकू नये.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १८९० साली मुंबईत, सत्यशोधक आणि कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. उत्पन्नावर पाणी सोडलं. तेव्हा ना रील होती ना फोन. तरी सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण त्यांचं नाव काढतोय, ते त्यांनी काय कापलं यासाठी नाही, काय कापायला नकार दिला यासाठी. या धंद्याला एवढी मोठी प्रसिद्धी दुसऱ्या कशाने मिळाली असेल असं मला वाटत नाही.

आणि शांताबाई यादव. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज तालुक्यातलं हासूरसासगिरी. नवरा गेल्यावर चार मुली सांभाळायला बाईने हातात वस्तरा घेतला. गावाने आधी नावं ठेवली, मग त्याच गावाने दाढीसाठी गाल पुढे केला. आज आपल्या पोरी युनिसेक्स सलूनमध्ये कात्री चालवतात, रील करतात, आणि खाली कमेंटमध्ये लोक काय काय लिहितात ते वाचून मान खाली जाते. लिहिणाऱ्यांमध्ये आपल्या ओळखीची नावं असतात, हे जास्त वाईट.

कारण मूळ प्रश्न मानाचा आहे. 'हजाम' हा शब्द आपण अजून शिवीसारखा वापरतो. २००९ मध्ये शाहरुख खानला सिनेमाच्या नावातून 'बार्बर' शब्द काढावा लागला, फक्त 'बिल्लू' राहिला, तेव्हा पुष्कळांनी हसण्यावारी नेलं. पण अण्णांचा मुलगा मला काय म्हणाला माहितीये? "दादा, रीलमध्ये मी आर्टिस्ट असतो. दुकानाबाहेर पडलो की परत तोच." त्या पोराला लाख व्ह्यूज पैशासाठी नको होते, त्याला कुणीतरी आदराने बघायला हवं होतं. हे मला उशिरा का होईना समजलं, आणि अण्णांनाही. आता रीलमध्ये हात मुलाचे असतात आणि बोलतात अण्णा. "हा माझा मुलगा, फेड याच्याकडून शिकलो," असं ते एकदा कॅमेऱ्यासमोर बोलून गेले. तो व्हिडिओ पोराने अजून कुठे टाकलेला नाही, फोनमध्ये जपून ठेवलाय.

आता सरकारी बाजू. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय आहेत, त्यात नाभिक आहेत. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाख कर्ज. विक्री आणि जाहिरातीसाठी मदत असंही योजनेत लिहिलंय. माझं म्हणणं एवढंच, प्रशिक्षणातला एक दिवस फोनवर व्हिडिओ काढायला, मॅपवर दुकान टाकायला आणि संमती कशी घ्यायची हे शिकवायला द्या. नाहीतर हाच कारागीर उद्या एजन्सीच्या दारात जातो आणि अवजारांचे पैसे फॉलोअर विकत घेण्यात घालवतो.

वेळही कमी आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. कॅम्पातली सॅनेटोरियम, लॉज भरतील. बाहेरून आलेला माणूस फोनवर 'जवळचं सलून' शोधेल तेव्हा त्याला मोठ्या साखळीवाल्यांचीच नावं दिसणार की आपल्या गल्लीतली दोन खुर्च्यांची दुकानंही दिसणार? हे आता ठरतंय. कॅन्टोन्मेंट बोर्डाने, नाभिक समाजाच्या संघटनांनी आणि कॉलेजच्या पोरांनी मिळून एका सोमवारी शिबिर घेतलं तरी खूप होईल. कॅमेरा घेऊन मी येतो, हा शब्द देतो.

आणि तुम्ही-आम्ही गिऱ्हाइकांनी काय करायचं? फार काही नाही. ज्या हाताने इतकी वर्षं तुमची दाढी केली त्या दुकानाला गुगलवर दोन ओळी लिहा, मराठीत लिहा. घासाघीस करू नका. नवं ब्लेड मागा. तुमचा व्हिडिओ नको असेल तर स्पष्ट सांगा, हवा असेल तर मोकळेपणाने बसा. आणि कमेंटमध्ये कुणी एखाद्या मुलीला किंवा कारागिराला वाकडं बोललं, तर गप्प बसू नका.

तुमच्या गल्लीतल्या सलूनचं नाव खाली लिहा. मालकाला विचारून. मॅपवर नसेल तर येत्या सोमवारी जाऊन टाकून देतो.